एका खोलीतली चार ऑफिसं

शेख रहेमान मूळचा घाटंजीचा. त्याचा बाप आठवडी बाजारात लिंबाखाली बसून गोणपाट आणि बैलगाडीच्या ताडपत्र्या शिवायचा. रहेमान चौथीत शाळेतून निघाला आणि नागपूरला मोमिनपुऱ्यात मामाकडे गेला. तिथल्या एका दुकानात तो शिवणयंत्रं उघडायला आणि पुन्हा जोडायला शिकला. लग्न झालं ते आर्णीच्या जैबुनबीशी. घाटंजीत पोट भरण्याइतकं काम नव्हतं, म्हणून तो सासुरवाडीच्या गावी येऊन राहिला. याबद्दल त्याचा मेव्हणा जहीर त्याला चारचौघांत चिडवायचा. जहीर सायकली भाड्यानं द्यायचा आणि पंक्चर काढायचा.

पुढची बरीच वर्षं रहेमाननं सायकलवर काढली. मागे हत्यारांची पेटी बांधायची आणि ज्या गावचा बाजार असेल त्या गावाला जायचं. लोणबेहळ, सावळी, महागाव, दिग्रस. शिंपी बाजारात मशीन घेऊन बसलेला असायचा, त्याचं मशीन तिथंच मांडीवर घेऊन दुरुस्त करायचं. एका पावसाळ्यानंतर अरुणावतीच्या पात्रात सायकल दगडावरून घसरली आणि उजवा गुडघा गेला. गावातल्या हाडवैद्यानं तो बसवला, पण असा की तो परत पुरता वाकला नाही. सायकल एका पायानं रेटता यायची. जमिनीवर बसणं कायमचं संपलं.

म्हणून त्यानं टेबल आणि खुर्ची करून घेतली. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला मोठी वाटणार नाही. १९६१ साली आर्णीच्या बाजारपेठेत टेबल-खुर्चीवर बसून धंदा करणारा रहेमान मिस्त्री हा एकटाच माणूस होता. बाकी सगळ्या पेढ्या गादीच्या. पांढरी चादर, मागे लोड, पुढे उतरती पेटी, चपला पायरीखाली. सेठ मांडी घालून बसणार, गिऱ्हाईक गादीच्या कडेला टेकणार. खुर्ची पाहायची तर तहसीलदाराच्या कचेरीत जावं लागे.

घराची पुढची खोली रहेमाननं विटांची बांधून घेतली होती. उत्तरेला रस्त्याकडे दोन मोठ्या खिडक्या ठेवल्या, कारण सुईच्या नेढ्याचं काम उन्हात होत नाही आणि अंधारातही होत नाही. धावजी सुतारानं सागवानी टेबल केलं, दोन खुर्च्या केल्या आणि काच लावलेलं एक कपाट केलं. कपाटात सुया, बॉबिन, रिळं, पट्टे. भिंतीवर काळ्या मखमलीवर जरीनं काढलेली सातशे शहाऐंशीची, म्हणजे बिस्मिल्लाच्या आकड्याची, तसबीर. ती जैबुनबीनं मशीनवर शिवली होती आणि गावातल्या बायका ती पाहायला येऊन गेल्या होत्या.

त्या वर्षी गावोगावी एजंट नेमायची लाट आली होती. कोणाला ऑइल इंजिनं खपवायची होती, कोणाला खत, कोणाला सायकली. कलकत्त्याच्या एका कंपनीला शिवणयंत्रांसाठी आर्णीत माणूस हवा होता. रहेमाननं अर्ज केला. त्याला दुसरं काही सुचलेलंच नव्हतं. एजन्सी मिळाली तर मशीन त्याच्या दारात विकलं जाईल, बिघडलं तर त्याच्या दारात येईल आणि लोणबेहळच्या चढावर एका पायानं सायकल रेटणं बंद होईल. तो जैबुनबीला म्हणायचा, "एकदा एजन्सी मिलने दे, फिर सायकल जहीरभाई को दे देता. भाड्यानं लावन."

कंपनीची अट एकच होती. ऑफिसच्या आतल्या बाजूचा फोटो पाठवा, चांगल्या फोटोग्राफरनं काढलेला, अर्जदार जागेवर बसलेला.

हीच अट इतर कंपन्यांचीही होती आणि तिच्यामुळे बाजारातले आणखी तिघं अडले होते. देवीलाल सेठ सरकी-ढेपेचे आणि किराण्याचे मोठे व्यापारी, त्यांना ऑइल इंजिनांची एजन्सी हवी होती. पुंडलिकराव हे शंभर-सव्वाशे एकरांचे कास्तकार, ग्रामपंचायतीत बरीच वर्षं काढलेले, त्यांना खताची हवी होती. जहीरला सायकलींची. देवीलाल सेठनी तर फोटो पाठवलाही होता. उरुसाला आलेल्या फिरत्या फोटोग्राफरकडून काढलेला. गादीवर सेठ, लोडाला टेकलेले, शेजारी पानाचा डबा, मागे दोन मुनीम उभे. कंपनीचं उत्तर आलं की आम्हाला ऑफिसचा फोटो हवा आहे, निजण्याच्या खोलीचा नको.

हे उत्तर बाजारात चार दिवस गाजलं. सेठना त्यातलं हसण्यासारखं काही कळलं नाही.

तोड काढली पुंडलिकरावांनी. संध्याकाळी ते रहेमानच्या खिडकीशी आले, मागे देवीलाल सेठ आणि जहीर.

"रहेमान, तुले फोटो पाह्यजे का नाई?"

"पाह्यजे जी."

"यवतमाळचा मारोतराव फोटूवाला एका फोटोसाठी इकडे येत नाई. मी इचारलं. दिवसभराचं काम असन तर येतो म्हणे. मंग आपुन चौघं मिळून बलावू. खर्च चौघांत. जागा तुही. टेबल हाय, खुर्ची हाय, उजेड हाय. दिवसभरात चारी ऑफिसं काढून टाकू."

"चार ऑफिसं इथं?" रहेमाननं विचारलं.

"फोटोत का गाव दिसते लेका?" पुंडलिकराव म्हणाले. "इंजिनाची कंपनी पुण्याची, खताची मुंबईची, जहीरची लुधियान्याची, तुही कलकत्त्याची. कोन कोनाले दाखवायले जाते?"

जहीर म्हणाला, "आपला तर फायदाच हाय दामाद. तुमच्या खुर्चीवर सेठजी बसून राह्यले. उद्या लोकं येऊन पाहतीन."

रहेमान हो म्हणाला. एकट्यानं फोटोग्राफर बोलावणं त्याला झेपलं नसतं, हे खरं. त्याची खोली आर्णीतल्या सेठला लागते याचं त्याला बरं वाटलं, हेही खरं.

मारोतराव सकाळच्या मोटरनं उतरले. तिकाटणं, काळ्या कापडाचा मोठा कॅमेरा आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत त्यांच्या यवतमाळच्या स्टुडिओचं सामान होतं. एक काळा लोकरी कोट, आधीच गाठ मारलेला टाय, कागदी फुलांची फुलदाणी आणि लाकडाचा काळा रंगवलेला टेलिफोन. त्याला वायर नव्हती. ती टेबलामागे गेली आहे असं समजायचं.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. त्या दिवसांत आर्णीत दहा वाजल्यानंतर कोणी अंगरखा घालत नाही. चौघांना आळीपाळीनं तोच कोट घालायचा होता.

पहिला मान देवीलाल सेठचा. ते आत आले आणि दारातच थबकले. नजर भिंतीवर.

"रहेमानभाई, राग नका मानू. म्या खुर्चीवर बसतो ते धंद्यासाठी बसतो. लक्ष्मी पाठीशी पाह्यजे. हे उतरवू थोडा वेळ."

रहेमान काही बोलायच्या आत जहीरनं स्टुलावर चढून मखमलीची तसबीर उतरवली. "थोड्या वेळाचं तर काम हाय," तो म्हणाला, आणि ती त्यानं दाराशी भिंतीला टेकवून ठेवली. तिथंच सगळ्यांच्या चपला होत्या. पडद्याआडून जैबुनबीचा हात आला आणि तसबीर आत गेली.

सेठच्या माणसानं लक्ष्मीचं मोठं चित्र वर टांगलं, त्यासाठी उंचावर नवा खिळा मारला. मग सेठनी वाटीत तुपात कालवलेला शेंदूर मागवला आणि खुर्चीच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर स्वतःच्या बोटानं स्वस्तिक काढलं. एका बाजूला शुभ लिहिलं, एका बाजूला लाभ. नवीन जागेवर धंद्याला बसायचं तर हे करायचंच, फोटोपुरतं बसायचं असलं तरी. सेठच्या मनात यात काही वावगं नव्हतं. त्यांनी हात जोडले, नारळ फोडला आणि पाणी फरशीवर सांडलं.

"हे निघन ना सेठजी?" रहेमाननं विचारलं.

"शुभ काढून टाकते का कोनी?" सेठ म्हणाले, आणि बसले.

बसले ते खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून. मारोतरावांनी काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. "सेठजी, पाय खाली."

"खाली घेतले तं मुंग्या येतात."

"फोटोपुरते घ्या."

सेठनी पाय खाली सोडले. काळं कापड पुन्हा पडेपर्यंत एक पाय आपोआप वर आला होता. असं बराच वेळ चाललं. शेवटी पुंडलिकराव टेबलाखाली बसले आणि त्यांनी सेठच्या दोन्ही पायांचे घोटे धरून ठेवले. इंजिनांच्या कंपनीला गेलेला फोटो हा असा निघाला आहे. सेठच्या कानाला टेलिफोन आहे, चेहरा गंभीर आहे आणि टेबलाखाली पंचायतीचे माजी सदस्य आहेत.

शिवणयंत्रं इंजिनाच्या ऑफिसात नकोत, म्हणून ती आधीच मागच्या अंगणात नेऊन ठेवली होती. वरून एक पोतं टाकलं होतं.

पुंडलिकरावांची पाळी लांबली, कारण त्यांना तोंडातल्या पानाचं काय करायचं ते कळेना. तोंड मिटलं तर गाल फुगलेला दिसे. मारोतरावांनी थुंकून यायला सांगितलं. पुंडलिकराव उठले नाहीत. बसल्या जागेवरून मागं वळले आणि अंगणाकडच्या खिडकीतून बाहेर पिंक टाकली. त्या खिडकीखाली बाजेवर जैबुनबीच्या शेवया वाळत होत्या. वर्षभराच्या.

आत काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग जैबुनबीचा, दबका आणि स्पष्ट. "इनको बोलो, मेरा घर है ये. उकिरडा नहीं है."

पुंडलिकराव म्हणाले, "वैनीले सांग, म्या पाह्यलं नाई. आन् धुतलं का जाते." शेवया धुतल्या की त्यांचा चिखल होतो, हे त्या खोलीतल्या एकाही पुरुषाला सांगावंसं वाटलं नाही. मारोतराव म्हणाले, "मान सरळ."

दुपारी सगळे जेवायला गेले ते ऊन उतरल्यावर आले. जहीरचा फोटो व्हायला संध्याकाळ लागली. त्याला टाय हवा, नको, पुन्हा हवा. शिवाय त्याला टेबलावर एक नवी सायकलची घंटी ठेवायची होती आणि ती दिसते का, हे तो मारोतरावांना सारखं विचारत होता. रहेमान दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याच्या खुर्चीची पाठ सेठच्या डोक्याच्या तेलानं काळपट झाली होती. टेबलावर सुपारीची भुकटी होती, नारळाच्या पाण्याला मुंग्या लागल्या होत्या आणि खोलीला दिवसभराच्या माणसांचा, घामाचा, तंबाखूचा आणि तुपाचा मिळून एक वास येत होता. तो वास कित्येक दिवस गेला नाही, असं जैबुनबी सांगते.

रहेमानची पाळी आली तेव्हा खिडकीतला उजेड उतरत चालला होता.

"लवकर," मारोतराव म्हणाले. "एकच प्लेट राहिली. मोटरही गाठायची आहे."

"मशीन आणतो अंगणातून. आन् हे चित्र उतरवतो."

"उतरवायला स्टूल लागेल, स्टूल सेठचा माणूस घेऊन गेला. मशीन आणून, बसवून, पुसून होईपर्यंत अंधार पडतो. राहू द्या. चित्र फोटोत बारीक येतं. कोण पाहतं?"

जहीरनं अंगातला कोट काढून रहेमानच्या हातात दिला. तो पाठीवर, काखेत, कॉलरला ओला होता. तिघांच्या घामानं. आतल्या अस्तराला कोणाच्या तरी पानाचा डाग होता. रहेमाननं तो दोन बोटांत धरला.

"कायले पाहून राह्यले दामाद?" जहीर म्हणाला. "साहेबाची कातडी अशीच असते."

सगळे हसले. रहेमाननं कोट घातला. त्यानंतर तो उलटी येईल म्हणून तोंड मिटून बसला होता, आणि फोटोत ते तसंच आलं आहे. डोळे अर्धे मिटलेले, ओठ दाबलेले, समोर वायर नसलेला टेलिफोन. मागे शेंदरानं लिहिलेलं शुभ लाभ, डोक्यावर लक्ष्मी. शिवणयंत्रांच्या एजन्सीसाठी गेलेल्या त्या फोटोत शिवणयंत्र कुठंच नाही.

रहेमान तो फोटो पाठवायला तयार नव्हता. पुन्हा काढू म्हणाला. पण मारोतराव एकट्यासाठी परत येणार नव्हते, आणि कंपनीनं दिलेली मुदत संपत आली होती. जहीर म्हणाला पाठवून द्या. त्यानं पाठवला.

लक्ष्मीचं चित्र सेठचा माणूस घेऊन गेला, पण भिंतीवरचा शेंदूर निघाला नाही. साबणानं पसरला. रहेमाननं चुना मारला. तुपकट डागावर चुना धरत नाही. वाळला की आतून लालसर स्वस्तिक वर यायचं. दुसरा हात मारला तरी यायचं. शेवटी त्यानं तसबीर पुन्हा आपल्या जागी लावली, पण डाग तिच्या दोन्ही बाजूंनी मोठा होता.

चौघांना जे ठाऊक नव्हतं ते असं. कंपन्या चार गावांच्या होत्या, पण बाहेरगावच्या अशा अनेक कंपन्यांची वऱ्हाडातली चौकशी नागपूरचा एकच कमिशन एजंट करायचा. पुण्याहून, मुंबईहून, लुधियान्याहून आणि कलकत्त्याहून निघून चारही फोटो त्याच्याच टेबलावर येऊन पडले. तेच कपाट, तीच काच, तोच टेलिफोन, तोच कोट.

दसरा होऊन गेल्यावर हे एजंट साहेब जीप घेऊन आर्णीत आले. आधी ते देवीलाल सेठच्या पेढीवर गेले, कारण गाव ओळखतं असं दुकान तेच. तिथं चहा झाला. मग सेठ त्यांना घेऊन रहेमानच्या खोलीवर आले. पुंडलिकराव आणि जहीर बातमी ऐकून आधीच येऊन उभे होते.

साहेबांनी टेबलावर चारही फोटो ओळीनं मांडले.

"खोली एक आणि मालक चार," ते म्हणाले. "मला खऱ्या मालकाशी बोलायचं आहे. कोण?"

रहेमान म्हणाला, "माही हाय साहेब. हे माहं घर हाय."

साहेबांनी बाकीच्यांकडे पाहिलं. जागा रहेमानची म्हटली तर तिघांचेही फोटो खोटे ठरत होते. तिघांनाही ते एकदमच कळलं असावं. पुंडलिकराव पंचायतीत मुरलेले. ते म्हणाले, "साहेब, तसं पाह्यलं तं जागा सामायिक हाय. सगळे बसतात."

"सामायिक चालत नाही. कंपनीला एक जबाबदार माणूस लागतो."

मग देवीलाल सेठ बोलले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाव सांगावा तसा. "साहेब, भिंतीवर पाहा ना काय लिहिलं हाय. आमची पूजा हाय ती. रहेमान आमचा मिस्त्री. चांगला माणूस हाय, इमानदार. इथंच राहते, इथंच काम करते."

रहेमान म्हणाला, "सेठजी!"

साहेब भिंतीजवळ गेले. चुन्यातून वर आलेल्या लालसर रेषेवर त्यांनी बोट फिरवलं. मग हातातला फोटो पाहिला, ज्यात रहेमानच डोक्यावर लक्ष्मी घेऊन बसला होता. "फोटोत आहे आणि इथं चुना मारलेला," ते म्हणाले. "मालकाची खूण पुसायची आणि आपली तसबीर लावायची. चौकशी येणार हे माहीत होतं का तुला?"

"नाई साहेब. ते त्या दिवशी..." रहेमान वळला. "जहीरभाई, सांगा ना. तुमी तं घरचे हाये. तुमच्या बहिणीचं घर हाय हे."

जहीरनं खिडकीतून बाहेर पाहिलं. त्याच्या सायकलींचा अर्ज त्याच टेबलावर उघडा पडला होता. "मी काय सांगू," तो म्हणाला. "धंद्याचं सेठजी पाहतात."

पडदा हलला. जैबुनबी परक्या पुरुषासमोर कधी आली नव्हती, तेव्हाही आली नाही. आतूनच बोलली. "साहब, चुल्हा किसका है वो पूछो इनको. अंगण में कुआँ किसने खोदा पूछो. भाईजान, तुमच बोलो. अम्मा की कसम खा के बोलो."

जहीर पायरी उतरून गेला. चप्पल घालताना त्यानं दुसऱ्याची घातली आणि ती बदलायला परतही आला नाही.

साहेबांना बाईमाणसाच्या आवाजानं अवघडल्यासारखं झालं. असल्या भानगडी त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या आणि त्यांना उजेडात पुसद गाठायचं होतं. त्यांनी फोटो गोळा केले. रहेमानचा तेवढा वेगळा ठेवला. जाताना सेठना म्हणाले, "मिस्त्री हाताशी आहे तर शिवणयंत्रंही तुम्हीच का घेत नाही?"

सेठ म्हणाले, "इचार करतो."

विचार करायला त्यांना फार वेळ लागला नाही. हिवाळ्यात त्यांना इंजिनं मिळाली, त्यामागोमाग शिवणयंत्रं. पुंडलिकरावांना खत मिळालं, जहीरला सायकली. दोघांचीही शिफारस सेठनी केली. रहेमानला कळवण्यात आलं की चुकीची माहिती दिल्यामुळे त्याचा अर्ज पुन्हा विचारात घेतला जाणार नाही. चौघांनी मिळून काढून घेतलेल्या फोटोंत ज्याचा फोटो त्याच्या खरोखरच्या जागेत निघाला होता, असा हा एकटा.

यानंतर रहेमाननं काय केलं, असं विचारलं की गावातली माणसं निरनिराळं सांगतात. कोणी म्हणतं त्यानं सेठला दारातून हाकललं. कोणी म्हणतं तो घाटंजीला परत जायला निघाला होता. असं काही घडलं नाही. सेठ स्वतः त्याच्याकडे आले, एकटे, भर दुपारी. संक्रांत नुकतीच झाली होती आणि त्यांनी तिळाच्या वड्या आणल्या होत्या.

"रहेमानभाई, झालं ते झालं. तुमी मनाले लावून घेतलं. माह्या मनात काही नाई."

रहेमान पट्टा ओवत होता. त्यानं हात थांबवला नाही.

"मशीनं येऊन राह्यली. ठेवायची कुठं? पेढीवर सरकीचा भुगा, मशीन जाम होते. इथं ठेवतो. खोलीचं भाडं देतो, तुमाले पगार देतो. बोर्ड तेवढा माह्या नावाचा. कंपनीच्या कागदावर जागा हेच लिहिली हाय ना."

"नाई म्हटलं तं?"

"मंग दिग्रसहून मिस्त्री आणावा लागन." सेठ हे धमकी म्हणून बोलले नाहीत. त्यांना खरंच तो खर्च वाढवायचा नव्हता. "तो बी तुमच्यासारखाच शिकला हाय. अन् नवीन मशीन घेणारा मंग त्याच्याकडंच जाईन, नाई का? तुमाले तं आता सायकल बी होत नाई."

रहेमाननं ते ऐकलं. त्याच्या हिशेबात हे आधीच येऊन गेलेलं होतं. नवी मशीनं सेठकडून विकली जाणार, दोन-चार वर्षांत गावोगावची जुनी मोडीत निघणार, आणि मग बाजारात मांडीवर घेऊन दुरुस्त करायला काही उरणार नाही. तो म्हणाला, "एक अट हाय. तुमी या खोलीत बसायचं नाई. कोनीच नाई. तुमी नाई, पुंडलिकराव नाई, जहीरभाई नाई. गिऱ्हाईक येईन, मशीन पाहीन, पैसे पेढीवर देईन."

सेठ मोकळेपणानं हसले. "मले कुठं खुर्ची जमते बाप्पा!"

ते गेल्यावर जैबुनबीनं तिळाच्या वड्यांचा पुडा पडद्याखालून बाहेर सरकवला. रहेमाननं तो रस्त्यावरच्या गाईला घातला आणि हात धुऊन आला. पुन्हा धुतले.

याला आता सहा वर्षं होत आली. बोर्ड लागला, निळ्यावर पांढरी अक्षरं. मशीनं चांगली खपली. कंपनीनं सेठना दोनदा मानपत्र दिलं, ते पेढीवर गादीच्या मागे लावलेलं आहे. रहेमानची मुलगी रौशन शाळेत जाते. बापाचा धंदा विचारला तर ती मिस्त्री सांगते, एवढंच. जहीरचं दुकान मोठं झालं आहे. ईदला तो येतो, दारात उभा राहतो, आणि जैबुनबी आतून विचारते, "कौन है?" आवाज ओळखूनही विचारते. तो नाव सांगतो. ती म्हणते, "घर में कोई नहीं," आणि रहेमान समोर खुर्चीवर बसलेला असतो.

नवीन मशीन घेणारी माणसं बहुधा खेड्यातली असतात. बाई, तिचा नवरा, कधी सासू. रहेमान मशीन पुसून समोर ठेवतो, चालवून दाखवतो, तेल कुठं घालायचं ते सांगतो. सगळं पसंत पडलं की नवरा विचारतो, "आन् मालक कोन जी? पैसे कोनाले द्याचे?"

रहेमान हातातला स्क्रू पिळायचा पेचकस उचलतो आणि रस्त्यापलीकडे पेढीच्या दिशेला दाखवतो. नाव घेत नाही. गिऱ्हाईक पुन्हा विचारतं, तेव्हाही तो पेचकसच दाखवतो. मग ती माणसं रस्ता ओलांडतात, आणि तो मशीन खोक्यात घालायला घेतो.